बिनकळीची शेवंती

"लिहा म्याडम, बोगस. काश्या बोगस. दोन शब्द लिहायला किती येळ लागतो?"

व्यंकटराव बांधावर उभे होते. मी त्यांच्या वीस गुंठे शेवंतीच्या मधोमध, हातात पॅड धरून. गौरी-गणपती नुकतेच उठले होते. एव्हाना शेवंती कळ्यांनी लगडायला हवी. इथं गुडघ्याच्या वर गेलेली, हिरवीगार, तजेलदार झाडं होती आणि कळी म्हणून औषधाला नव्हती.

मी तेव्हा जळकोट तालुक्यात कृषी खात्यात होते. बियाणं किंवा रोपं फसवी निघाली अशी तक्रार आली की आमच्यापैकी कुणीतरी शेतात जातं, पाहतं आणि अहवाल लिहितं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: 'लागवड साहित्य सदोष आहे काय? होय / नाही.' त्या 'होय'वर एक टिक केली की ज्यानं रोपं दिली त्याच्या नर्सरीचा परवाना जातो. व्यंकटरावांना ती टिक हवी होती.

काश्या म्हणजे शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून फुटणारी पिलं. शेवंतीचं बी कुणी पेरत नाही. जुन्या झाडाच्या काश्या काढायच्या, त्या रुजवायच्या आणि मृगात लावायच्या. आई जशी तशी काशी, त्यामुळे आई कुठली हे महत्त्वाचं. व्यंकटरावांनी काश्या घेतल्या होत्या शेजारच्या गावातल्या पंचफुलाबाईंकडून. नवरात्रात माहूरला फुलं पाठवायचं त्यांनी तिथल्या व्यापाऱ्याला कबूल केलं होतं. गावभर सांगूनही झालं होतं. आता येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, "काय व्यंकटराव, मेथी लावली का औंदा?"

मी लगेच लिहिलं नाही. त्याचं कारण न्यायबुद्धी वगैरे नव्हतं. माझा स्वभावच संशयी आहे. घरी मला 'फौजदारीणबाई' म्हणतात. दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणावर मी पटकन विश्वास ठेवलेला नाही. तेव्हा मला पहिला संशय आला तो खुद्द व्यंकटरावांचाच.

"युरिया किती टाकला?"

"थोडासाच."

"थोडासा म्हणजे?"

"आता काय मोजून टाकतो का म्याडम? हात सैल सुटला आसंल एखाद्या डावाला."

युरिया जास्त झाला की झाड पानंच काढत बसतं. मी गोठ्यात जाऊन रिकाम्या गोण्या मोजल्या. फार नव्हत्या. पण रिकाम्या गोण्या धुऊन बायका त्यांची आंथरुणं शिवतात, म्हणून त्यांच्या घरातल्या आंथरुणांकडेही एक नजर टाकली. व्यंकटरावांच्या मंडळींनी चहा देताना माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट बशीत ओतून प्यायले.

मग शेताला एक चक्कर मारली आणि मनात पाल चुकचुकली. सगळ्या शेतात कळी नव्हती असं नाही. विहिरीशेजारी मोटारीची पत्र्याची खोली होती. तिच्या मागे एक पट्टा होता, खोलीजवळ अरुंद आणि पुढे उलगडत गेलेला, सुपासारखा. त्या पट्ट्यातल्या एकूणएक झाडाला कळ्या होत्या. हरभऱ्याएवढ्या, टच्च. एका पावलाच्या अंतरावर कळी असलेलं झाड आणि कळी नसलेलं झाड शेजारी शेजारी उभी होती.

"हे काय?"

"तेच तर मी म्हनून राहिलो," व्यंकटराव म्हणाले. "मिसळ माल दिला तिनं. एखादी टोपली चांगली, बाकी समद्या बोगस."

"आणि ती टोपली तुम्ही बरोबर खोलीच्या मागेच लावली?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "न्हाईतर मग चुलत्याचं पोरगं. पल्याडचं शेत त्याचं हाय. आमचं बोलणं न्हाई. वाऱ्यावर काहीतरी मारलं आसंल त्यानं. खोलीच्या आडोशाला जेवढं आलं तेवढं वाचलं."

हे मला पटलं. तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं उडून येतो आणि आडोशामागचं पीक वाचतं, हे मी कापसात पाहिलं होतं. मी पानं उलटीपालटी केली. पण तणनाशक लागलं की पान चिमटतं, कडा जळतात, शेंडा वाकतो. यांतलं काहीच नव्हतं. झाडं इतकी ठणठणीत होती की त्यांचा राग यावा.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"झालं का?"

"बघतेय साहेब."

"बघायचं काय त्यात? कळी नाही म्हणजे रोपं बोगस. मला वरून फोन आहे. परवा अहवाल टेबलावर पाहिजे."

व्यंकटरावांचे एक पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणी वजनदार होते, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पंचफुलाबाईंच्या गावी गेले. ऑफिसची गाडी थेट त्यांच्या दारात नेऊन उभी केली. हे मुद्दाम सांगते आहे.

पंचफुलाबाई पन्नाशीच्या. घर बौद्धवाड्यात, विहाराच्या अगदी समोर. घराशेजारच्या तीन गुंठ्यांत शेडनेट, वाफे, प्लॅस्टिकचे ट्रे. नवरा गेल्यावर दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नर्सऱ्यांमध्ये रोजानं काम केलं, तिथंच काश्या काढायला शिकल्या, आणि आदल्याच वर्षी स्वतःच्या नावाचा परवाना काढला. तो फ्रेम करून दारावर लावला होता. आम्ही गेलो तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं झेंडूची रोपं निवडत होती. मी त्यांच्यादेखत विचारलं, "व्यंकटरावांना काश्या कुठल्या दिल्या?"

"ह्याच वाफ्यातल्या म्याडम. दुसऱ्यांनाबी ह्याच दिल्या."

हे खरं होतं. येता येता मी त्यांच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा प्लॉट पाहिला होता. चांगला कळीवर होता. शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. पण संशयी डोक्याला चांगला पुरावाही उलटा दिसतो. मी मनात म्हटलं, त्याला चांगल्या दिल्या असतील, याला उरलेल्या.

आणि मग मला हवं ते सापडलं. घराच्या कोपऱ्यावर ग्रामपंचायतीचा दिव्याचा खांब होता. त्याच्या बरोबर खाली शेवंतीचा एक वाफा होता. चार वर्षांची जुनी, दाट, ठेंगणी झुडपं. बाकी अंगणातली शेवंती कळीवर आणि या वाफ्यात एक कळी नाही.

"ही कुठली जात?"

"हीच की. ह्या आया हायेत. ह्यांच्याच काश्या काढते मी."

"म्हणजे ज्या झाडांना कळीच येत नाही, त्यांच्या काश्या तुम्ही विकता?"

"येत न्हाई न्हवं, मी येऊ देत न्हाई. फुलावर गेली की काश्या कमी फुटतात. म्हनून खांबाखाली ठिवलं. उजेडात ती फुलत न्हाई."

मला वाटलं, बाई बनवते आहे. किती सहज बोलते आहे पाहा! मी वहीत लिहिलं, 'मातृरोपे बिनकळीची. विक्रेतीची कबुली.' आणि गिऱ्हाइकं ऐकत असताना सांगितलं, "चौकशी होईपर्यंत शेवंतीची विक्री बंद ठेवा."

पंचफुलाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "म्याडम, परवाना जाईल का माझा?"

"ते अहवालावर आहे."

"मग माझं ऐकून तर घ्या माय. शेवंतीला रात लागती. रातीला उजेड पडला की ती येडी व्हती, तिला वाटतं दिस सरलाच न्हाई. त्येंच्या शेतात रातचा उजेड कुठून येतो का, एवढं बगा. माझ्या काश्यांत खोट आसंल तर मी सोता परवाना आणून देते."

एक झेंडूवाला ट्रे परत ठेवून निघून गेला. मी ते पाहिलं आणि गाडीत बसले.

गाडी अर्ध्या वाटेवर आली असेल. माझ्या डोक्यात कृषी महाविद्यालयातला तिसऱ्या वर्षाचा वर्ग जागा झाला. शेवंती हे लहान दिवसाचं पीक. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, पण खरं म्हणजे ते लांब रात्रीचं पीक. श्रावण-भाद्रपदात रात्र वाढू लागते, ते झाडाला कळतं आणि ते पानं सोडून कळीकडे वळतं. त्या रात्रीत मध्येच उजेड आला तर रात्र तुटते. झाड समजतं, अजून उन्हाळाच आहे, आणि पानं काढत राहतं. मी यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. चांगले मार्कही पडले होते. रोजानं काम करून शिकलेल्या बाईनं तेच मला अंगणात उभं राहून सांगितलं आणि मी त्याची कबुली म्हणून नोंद केली!

मला स्वतःची लाज वाटली. आणखीही एक गोष्ट कळली, ती लिहिणं मला सोपं नाही. व्यंकटराव मला पाहुण्यातल्यासारखे वाटत होते. माझं माहेर निलंग्याकडचं, तसंच शेतीवाडीचं. त्यांच्या गोण्या मी मोजल्या, पण त्यांच्या बोलण्याला मी 'कबुली' कधी म्हटलं नसतं. संशय पाण्यासारखा असतो, उताराकडे पळतो. आमच्याकडे उतार कुठल्या वाड्याकडे आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी व्यंकटरावांच्या शेताकडे घ्या."

या वेळी मी झाडं पाहिली नाहीत, वर पाहिलं. विहिरीच्या काठावर लोखंडी पाइप उभा होता, दोन पुरुष उंच. त्याच्या टोकाला एलईडीचे दोन फोकस. आदल्या दिवशी मी त्याच पाइपला छत्री टेकवून ठेवली होती. काखेत कळसा, दुसरं काय!

हे फोकस कशासाठी, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. शेतीच्या मोटारीला लागणारी थ्री फेज वीज आमच्याकडे दिवसभर नसते. ठरावीक तासच येते, पुष्कळदा रात्रीची. वीज म्हणायचं नाही, लाईट म्हणायचं. ती ठरल्या वेळेला येईलच याचाही भरवसा नाही. म्हणून शेतकरी शेतात एक बल्ब थेट लाईनीवर जोडून ठेवतो, बटण बंद न करता. घरून बल्ब पेटलेला दिसला की समजायचं लाईट आली, चला मोटार चालू करायला. हा बल्ब साधा असतो. त्याच्याखालची पाच-सहा झाडं बिघडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. व्यंकटरावांचं घर मात्र लांब, टेकाडावर. तिथून बल्ब दिसेना, म्हणून त्यांनी फोकस लावले.

मी सुतळीचं बंडल मागवलं. एक टोक पाइपच्या बुडाला बांधलं. सुतळी ताणत मोटारीच्या खोलीच्या एका कोपऱ्याला घासून शेतात लांबवर नेली आणि खुंटी ठोकली. मग दुसऱ्या कोपऱ्याला घासून दुसरी सुतळी.

"हे काय करून राहिले म्याडम?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

दोन सुतळ्यांच्या मध्ये सगळ्या झाडांना कळ्या होत्या. सुतळ्यांच्या बाहेर एकाही झाडाला नव्हती. फोकसच्या उजेडात खोलीची मागे जेवढी सावली पडत होती, तेवढ्याच तुकड्याला या पावसाळ्यात खरी रात्र मिळाली होती.

व्यंकटराव सुतळीच्या कडेकडेनं चालत गेले. वाकून इकडचं झाड पाहिलं, तिकडचं पाहिलं. परत आले.

"फोकस कधी लावले?" मी विचारलं.

"पेरण्या उरकल्यावर."

"लाईट कधी असते तुमच्याकडं?"

"औंदा लई करून रातचीच."

"आणि पावसाळाभर मोटार चालू होती?"

"न्हाई बा. इतका पाऊस, पाणी कशाला द्यायचं?"

"मग फोकस कशाला चालू?"

"लाईट आली हे कसं कळंल?"

"मोटार चालवायचीच नाही, तर लाईट आली हे कळून करायचं काय?"

व्यंकटरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "सवय हाय म्याडम," ते म्हणाले.

मी साहेबांना तिथूनच फोन लावला.

"साहेब, रोपं चांगली आहेत."

"मग दोष कुणाचा?"

"फोकसचा."

"फॉर्ममध्ये फोकसचा रकाना आहे का?"

"इतर कारणे म्हणून आहे."

"बाई, फोकसमुळं फूल आलं नाही, असं मी वर सांगू?"

"सुतळी बांधून ठेवली आहे साहेब. वरच्यांना शेतात पाठवा."

वरून कुणी आलं नाही. शेतात यायचं म्हटलं की वरचे फोन आपोआप बंद होतात, हा माझा नोकरीतला जुना अनुभव. फोकस त्याच दिवशी उतरवले. तीन आठवड्यांनी व्यंकटरावांच्या शेतभर मोहरीएवढ्या कळ्या दिसू लागल्या. नवरात्र हुकलं, माहूरच्या व्यापाऱ्यानं दुसरीकडून माल घेतला. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलं लागतात, त्या वेळी शेवंती अशी फुलली की मेथी म्हणणारे फोटो काढायला आले. मी 'नाही'वर टिक करून अहवाल दिला. परवाना वाचला. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं.

हे सांगायला मी पंचफुलाबाईंकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं, बाई खूश होतील. अहवालाची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घालून कनवटीला लावली. नर्सरीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. झेंडूची रोपं ट्रेमध्येच उंच वाढून पिवळी पडली होती.

"विक्री सुरू करा आता," मी म्हटलं.

"कुणाला विकू माय? समदे उदगीरला जाऊन राहिलेत. तिच्या काश्या बोगस हायेत, सरकारी गाडी आली व्हती, म्हनतात."

"पण अहवालात स्पष्ट लिहिलंय, तुमचा काही दोष नाही म्हणून."

"कागद तुमच्या हापिसात ऱ्हातो म्याडम. गाडी समद्यांनी बगितली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. "तुमचं ऐकायला हवं होतं. चुकलं माझं," म्हटलं. त्यांनी मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ऐकलं की शेवटी. न्हाई ऐकलं आसतं तर काय केलं आसतं मी?"

त्यानंतर जे जमेल ते केलं. विक्रीवरची बंदी उठल्याचं पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. मग व्यंकटरावांना गाठलं. म्हटलं, चार लोकांत सांगा, काश्या चांगल्या होत्या.

"मी कुठं म्हनलो वाईट व्हत्या म्हनून?" ते म्हणाले. "मला तर शंका आली व्हती. लिहून तर तुम्ही घेतलं."

पुढच्या मृगाला त्यांनी काश्या उदगीरहून आणल्या. त्या वर्षी पंचफुलाबाईंच्या निम्म्या काश्या वाफ्यातच राहिल्या. मी स्वतः नांदेडच्या माझ्या घरच्या अंगणासाठी भर बाजाराच्या दिवशी दोन टोपल्या नेल्या, गाडी त्याच दारात तासभर उभी करून. थोडाफार उपयोग झाला असेल. खरं काम केलं ते व्यंकटरावांच्या बोलणं नसलेल्या चुलतभावानं. त्यानं भाऊबंदकीच्या इरेला पेटून पंचफुलाबाईंच्याच काश्या लावल्या आणि त्या दसऱ्याला नेमक्या फुलल्या. भांडणाचा असाही फायदा असतो. त्याच्यापुढच्या वर्षी नर्सरीत पुन्हा वर्दळ झाली. एक वर्ष मात्र त्या बाईचं गेलं ते गेलंच. ते व्यंकटरावांच्या फोकसनं नेलं नाही, मी नेलं.

निवृत्त होताना नव्या पोरींनी विचारलं, काही सांगून जा. मी म्हटलं, शेतात गेल्यावर 'कुणी केलं' असं आधी विचारू नका. तसं विचारलं की कुणीतरी सापडतंच. 'काय झालं' एवढंच विचारा. आणि चौकशीला जाताना गाडी वेशीबाहेर उभी करून चालत जा. पाय दुखतात, पण कुणाचं दुकान बंद पडत नाही.